ई-पुस्तकांचं कपाट टॅगनं लावताना

२ मार्च १९३० ला नाशिकमध्ये काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. या सत्याग्रहावरचं एखादं पुस्तक पीडीएफ होऊन तुमच्या लॅपटॉपमध्ये आलं, तर ते कुठल्या फोल्डरमध्ये टाकाल? ‘इतिहास’मध्ये टाकलं तर नाशिकची पुस्तकं चाळताना ते दिसणार नाही. ‘नाशिक’मध्ये टाकलं तर आंबेडकरी चळवळीचा अभ्यास करणाऱ्या मुलीच्या हाती लागणार नाही. ‘चळवळी’मध्ये टाकलं तर पंचवटीतल्या मंदिरांबद्दल वाचू पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागणार नाही. यातलं एकही उत्तर चूक नाही, पण फोल्डरला एकच उत्तर चालतं. सगळीकडे एकेक प्रत ठेवावी म्हटलं, तर एका प्रतीत आपण ओळी अधोरेखित करतो, पुढच्या वेळी दुसरीच प्रत उघडते आणि त्या खुणा तिथे नसतात.

टॅगमुळे ही अडचण सुटते. पुस्तक एकाच जागी राहतं, त्याला चिठ्ठ्या मात्र हव्या तितक्या लावता येतात. एकच माणूस कुणाचा मामा असतो, कुणाचा जावई, कुणाचा वर्गमित्र. त्यासाठी तीन माणसं लागत नाहीत. तसंच या पुस्तकाला ‘नाशिक’, ‘मंदिरप्रवेश’, ‘आंबेडकरी चळवळ’ असे तीन टॅग लावले की तिन्ही वाटांनी तेच पुस्तक सापडतं.

कल्पना एवढीच आहे. तरीही बहुतेकांचे टॅग वर्षभरात विस्कटतात, यादी शेकड्यांत जाते आणि शेवटी माणूस पुन्हा फाइलचं नाव आठवत बसतो. असं का होतं, आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत जरा जास्तच का होतं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

आधी कागदी ग्रंथालयांकडे बघू, कारण हा प्रश्न त्यांचाच आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. तिथल्या काय किंवा कुठल्याही वाचनालयातल्या काय, छापील पुस्तक एका वेळी एकाच फळीवर उभं राहतं, म्हणून ग्रंथपालाला त्याची एक जागा ठरवावीच लागते. ती ठरवण्यासाठी मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केलं. सगळं ज्ञान दहा वर्गांत, प्रत्येक वर्गाचे पुन्हा दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा. या पद्धतीत इंग्रजी साहित्याला ८२० ते ८२९ अशी अख्खी ओळ मिळते आणि मराठी साहित्याचा क्रमांक येतो ८९१.४६. ज्ञानेश्वरांपासून आजवरचं सगळं मराठी साहित्य दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घरात. दुसऱ्यानं त्याच्या पुस्तकांसाठी बनवलेले कप्पे आपल्या पुस्तकांना कसे बसतात, हे त्या एका आकड्यावरून कळतं.

कार्डांच्या कपाटात मात्र ग्रंथपालांनी वाट काढली होती. फळीवर पुस्तक एक, पण त्याची कार्डं अनेक: एक लेखकाच्या नावानं, एक शीर्षकानं, दोन-तीन विषयांनी. आजचा टॅग म्हणजे तेच विषयाचं कार्ड.

याहून पुढचं पाऊल एका भारतीयानं टाकलं. एस. आर. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनमध्ये शिकत असताना एका दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडणी बदलली की कधी क्रेन, कधी पूल. पुस्तकाचा विषयही असाच सुट्या भागांतून जोडता येईल, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९३३ मध्ये त्यांची कोलन वर्गीकरण पद्धत प्रसिद्ध झाली. प्रत्येक विषयाला आधीपासून एक बंद कप्पा देण्याऐवजी ते विषयाला प्रश्न विचारत: मुख्य गोष्ट कोणती, ती कशाची, तिच्याबाबत काय केलं जातंय, कुठे आणि केव्हा. ‘नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षांवरच्या भुरीचं नियंत्रण’ हा विषय घ्या. द्राक्ष, भुरी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग), नियंत्रण, नाशिक असे तुकडे सुटे होतात आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्या पुस्तकांतही वापरता येतो. एका पुस्तकाला अनेक टॅग लावणारा प्रत्येक जण आज नकळत रंगनाथन यांच्याच वाटेनं चाललेला असतो. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपल्याकडे ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात, आणि मला वाटतं, घरच्या संगणकावर पुस्तकं जमवणाऱ्यांनीही तो आपलाच मानायला हरकत नाही.

या पद्धतीचं बळ आकड्यांत बघा. समजा तुम्ही १२ विषय, ८ प्रकार आणि ६ काळखंड ठरवले. टॅग झाले २६. पण त्यांच्या जोडण्या होतात १२ गुणिले ८ गुणिले ६, म्हणजे ५७६. तेवढीच बारकाई फोल्डरमध्ये आणायची तर ५७६ फोल्डर करावी लागतील, आणि त्यातली निम्म्याहून जास्त रिकामी राहतील. म्हणून टॅग मोजके आणि सुटे ठेवावेत. ‘नाशिकच्या इतिहासावरील चरित्रे’ असा टॅग बनवला की पुन्हा फोल्डरच बनवलं असं समजा. ‘नाशिक’, ‘इतिहास’, ‘चरित्र’ असे तीन वेगळे ठेवा, जोडणी शोधताना करा.

आता प्रश्न कोणते ठरवायचे? घरच्या किंवा छोट्या वाचकगटाच्या संग्रहाला माझ्या मते पाच पुरतात. पुस्तक कशाबद्दल आहे, कुठल्या प्रकारचं आहे, कुठलं आहे, केव्हाचं आहे आणि मला ते कशासाठी हवं आहे.

पहिले दोन सोपे वाटतात, पण तिथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. ‘कविता’ हा प्रकार आहे आणि विषयही असू शकतो. कवितासंग्रह वेगळा, कवितेवरची समीक्षा वेगळी. दोन्हींना ‘कविता’ लावलं तर पावसाळ्यातल्या रविवारी कविता वाचायला बसलेल्याला निम्मी यादी समीक्षेची दिसेल. समीक्षेच्या पुस्तकाला प्रकार ‘समीक्षा’ आणि विषय ‘कविता’. कवितासंग्रहाला फक्त प्रकार ‘कवितासंग्रह’. एवढा एक भेद सुरुवातीलाच केला तर पुढचा पुष्कळ घोळ वाचतो.

‘कुठलं’ आणि ‘केव्हाचं’ यांत एक ठरवून टाकावं: टॅगमध्ये पुस्तकाच्या आतलं ठिकाण आणि आतला काळ लिहायचा. प्रकाशक पुण्याचा असला तरी पुस्तक गोदाकाठाबद्दल असेल तर स्थळ नाशिक. पुस्तक १९९० मध्ये छापलेलं असलं तरी गोष्ट १९३० ची असेल तर काळ ‘स्वातंत्र्यपूर्व’. छपाईचं वर्ष लिहायला वेगळा रकाना असतोच.

पाचवा प्रश्न कुठल्याही वर्गीकरणाच्या ग्रंथात सापडत नाही आणि मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘आईला वाचून दाखवायला’, ‘मोठी अक्षरं’, ‘आठवीतल्यांना’, ‘स्पर्धा परीक्षा’, ‘एका बैठकीत संपणारं’. हे टॅग फक्त तुम्हालाच देता येतात, जगातली कुठलीही तयार यादी ते देणार नाही.

माझ्या मामेभावाची निफाडला द्राक्षबाग आहे. कृषी विभागाच्या पुस्तिका, चर्चासत्रांच्या पीडीएफ, मासिकांची स्कॅन केलेली पानं असं बरंच त्याच्या फोनमध्ये साठलं होतं. त्याचे टॅग आम्ही बसून ठरवले तेव्हा विषयापेक्षा हंगाम पुढे आला. त्याला पुस्तिका लागते ती एप्रिलच्या खरड छाटणीला किंवा ऑक्टोबरच्या फळछाटणीला. म्हणून ‘खरड छाटणी’, ‘फळछाटणी’, ‘भुरी’, ‘डाऊनी’ (हाही द्राक्षावरचा रोग), ‘निर्यात’ असे टॅग झाले. ‘शेती’ हा टॅग त्यानं स्वतःच काढून टाकला, कारण त्याच्याकडे सगळंच शेतीचं होतं. जो टॅग सगळ्याच पुस्तकांना लागतो तो काहीच शोधून देत नाही. उलट माझ्या संग्रहात पाच-सहाच पुस्तकं शेतीवर आहेत आणि मला तो एक शब्द पुरतो. टॅग किती बारीक हवा हे संग्रह कशाचा आहे त्यावर ठरतं.

काही गोष्टींना टॅग लावूच नयेत. लेखक, भाषा, प्रकाशक, मालिका यांना प्रत्येक चांगल्या प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र रकाने असतात. इथे नाशिकचंच उदाहरण घेण्यासारखं आहे. कुसुमाग्रजांचं पुस्तक आणि कुसुमाग्रजांवरचं पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात नाव लेखकाच्या रकान्यात जातं, दुसऱ्यात विषयाच्या टॅगमध्ये. शिवाय कवितेसाठी त्यांचं नाव कुसुमाग्रज आणि नाटक-कादंबरीसाठी वि. वा. शिरवाडकर. पुस्तकावर जे छापलंय ते लेखकाच्या रकान्यात तसंच ठेवावं. दोन्ही नावं एकत्र दिसावीत म्हणून काय करायचं ते पुढे सांगतो.

‘वाचायचं आहे’, ‘वाचून झालं’ हेही टॅगमध्ये नकोत. विषय बदलत नाही, वाचनाची स्थिती बदलत राहते. बदलणाऱ्या गोष्टींना वेगळा रकाना द्यावा.

आता मराठीची खास अडचण. इंग्रजी ई-पुस्तकात टॅग नसला तरी आतल्या मजकुरात शब्द शोधता येतो. आपल्याकडची बरीचशी जुनी पुस्तकं स्कॅन केलेली आहेत. संगणकाच्या दृष्टीनं ती पानांची छायाचित्रं आहेत, त्यात एकही अक्षर नाही. काही पीडीएफ युनिकोडच्या (संगणकात सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवण्याच्या आजच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या, छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेल्या. पडद्यावर सुंदर मराठी दिसतं, पण ओळ कॉपी करून पाहिली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला हाती येतो. अशा पुस्तकात ‘गोदावरी’ शोधलं तर काहीच मिळणार नाही, मग त्यात शंभर वेळा गोदावरी असली तरी. मशीनकडून अक्षरं वाचून घेण्याची सोय आता मराठीतही आहे, पण जुन्या, फिकट छपाईत ती चुकते. तोवर पुस्तकापर्यंत नेणारा एकच धागा उरतो, तो म्हणजे आपण हातानं लिहिलेला टॅग. म्हणून मराठी संग्रहात टॅग ही हौसेची बाब राहत नाही, गरज होते.

आणि नेमकं त्याच टॅगच्या लेखनात आपण घसरतो. ‘नाशिक’ आणि ‘नासिक’, ‘स्त्रीवाद’ आणि ‘स्त्री-वाद’, ‘कादंबरी’ आणि ‘कादंबऱ्या’ हे माणसाला एकच वाटतं, संगणकाला प्रत्येक वेळी नवा टॅग. यावर उपाय म्हणजे एकवचन ठरवा, एक लेखन ठरवा आणि एका कागदावर उतरवा. जुन्या पुस्तकांच्या शीर्षकांत १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे अनुस्वार असतात; शीर्षक जसं छापलंय तसंच ठेवा, टॅग मात्र आजच्या लेखनात लिहा.

याहून फसवी गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी उमटतं. एका तऱ्हेत साधा र, हलन्त आणि मग रुंदी नसलेलं एक अदृश्य जोडचिन्ह असतं; दुसरीत नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ हे वेगळं अक्षर असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच. ‘ॲ’चंही तसंच: एक स्वतंत्र अक्षर, आणि दुसरं ‘अ’वर अर्धचंद्र चढवून केलेलं. फोनचा कीबोर्ड एक तऱ्हा वापरतो, लॅपटॉपवरचा दुसरी, आणि यादीत हुबेहूब दिसणारे दोन टॅग शेजारी शेजारी उभे राहतात. बघणाऱ्याला वाटतं प्रोग्रॅम बिघडला. तो बिघडलेला नसतो. टॅग शक्यतो टाइप न करता यादीतून निवडला तर हा त्रास जवळजवळ संपतो, आणि ‘ऱ्य’ टाळून ‘कादंबरी’, ‘शेतकरी’ असे एकवचनी शब्द घेतले तर तो उद्भवतच नाही.

हे सगळं करायला प्रोग्रॅम कोणता? मी कॅलिबर सुचवेन. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. कोविद गोयल या भारतीय माणसानं ते २००६ मध्ये सोनीचं ई-पुस्तक यंत्र लिनक्सवर वापरता यावं म्हणून लिहायला घेतलं आणि आज जगभर वापरलं जातं. त्यात टॅग स्वल्पविरामानं वेगळे करून लिहायचे; म्हणून टॅगच्या आत स्वल्पविराम नको. डावीकडच्या पट्टीत सगळे टॅग दिसतात. एखाद्यावर क्लिक केलं की त्याची पुस्तकं दिसतात, पुन्हा क्लिक करत गेलं की तोच टॅग वगळून उरलेली. ‘नाशिक’ हवं पण ‘धार्मिक’ नको, असं दोन टॅगवर क्लिक करून मिळतं. एकाच लेखकाच्या दोन नावांचं गणितही या पट्टीत सुटतं: स्वतःचा एक गट बनवून त्यात कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही दोन्ही नावं टाकता येतात.

टॅगला पोटभाग हवे असतील तर टिंब वापरतात: ‘स्थळ.नाशिक’, ‘स्थळ.त्र्यंबकेश्वर’, ‘काळ.पेशवाई’. सेटिंगमध्ये त्या रकान्याला उतरंड चालू केली की ‘स्थळ’खाली सगळी गावं एकत्र लागतात, आणि वरचे पाच प्रश्न आपोआप पाच शीर्षकं होऊन उभे राहतात. फक्त ‘डॉ. आंबेडकर’ किंवा ‘वि. वा. शिरवाडकर’ असा टॅग केलात तर आद्याक्षरांपुढचं टिंबही उतरंडीचंच समजलं जाईल आणि नावाचे तुकडे होतील. व्यक्तीच्या टॅगमध्ये टिंब न वापरता पूर्ण नाव लिहा.

इंटरनेटवरून पुस्तकाची माहिती ओढून घेतली की तिच्याबरोबर परदेशी दुकानांचे टॅगही येतात: ‘फिक्शन’, ‘जनरल’, ‘इंडिया’. विस्कटलेल्या याद्यांचं हे सर्वांत मोठं कारण. मराठी वाचकाच्या संग्रहात ‘इंडिया’ या टॅगनं काय शोधायचं? माहिती उतरवण्याच्या सेटिंगमध्ये टॅगची खूण काढून टाका. मुखपृष्ठ, लेखक, वर्ष तेवढं घ्या. ते टॅग आधीच आले असतील तर ‘टॅग व्यवस्थापन’ उघडून एकेक पुसता येतो. तिथेच ‘नासिक’चं नाव बदलून ‘नाशिक’ केलं की दोन्हींखालची पुस्तकं एकत्र होतात.

आधीची हजार-दीड हजार पुस्तकं आहेत, त्यांचं काय? सगळ्यांना एका सुट्टीत टॅग लावायला बसू नका. तिसऱ्या दिवशी हात कंटाळतो आणि मग काहीही लागतं. नव्या पुस्तकाला येतानाच टॅग द्या, जुन्याला जेव्हा उघडाल तेव्हा. ज्यांना एकही टॅग नाही अशी पुस्तकं शोधण्याची सोय आहे. ती यादी जतन करून ठेवली की काम किती उरलंय ते कळतं. एकाच विषयाची पुस्तकं एकत्र निवडून सगळ्यांना एकदम टॅग लावता येतो. वर्षातून एकदा यादी वाचून काढा. ज्या टॅगखाली अजून एकच पुस्तक आहे तो खरंच हवा का ते बघा. सिंहस्थासारखा विषय असेल तर नक्की हवा. कुंभमेळा दर बारा वर्षांनी येतो, पुस्तकं त्या सुमाराला निघतात आणि मधली वर्षं तो टॅग शांत बसणारच.

एक महत्त्वाची तांत्रिक गोष्ट राहिली. कॅलिबर तुमच्या पुस्तकांसाठी स्वतःची फोल्डर बनवतं आणि मराठी नावांचं रोमनमध्ये विचित्र रूपांतर करतं. ती नावं बघून अस्वस्थ होऊ नका आणि हातानं बदलूही नका. बदललीत तर प्रोग्रॅमला पुस्तकं सापडणार नाहीत. तुम्ही लावलेले टॅग पुस्तकाच्या फाइलमध्ये लगेच जात नाहीत, ते त्या लायब्ररीच्या माहितीसाठ्यात राहतात. त्यामुळे नवा लॅपटॉप घेतल्यावर नुसत्या पीडीएफ उचलून नेल्या तर सगळी मेहनत जुन्या यंत्रात राहील. लायब्ररीचं पूर्ण फोल्डर कॉपी करा, किंवा माहिती फाइलमध्ये रुजवण्याची आज्ञा द्या. ईपब (ई-पुस्तकांच्या फाइलचा एक प्रकार) पुस्तकात टॅग मग विषय म्हणून कायमचे लिहिले जातात. तीच लायब्ररी एकाच वेळी दोन संगणकांवरून उघडू नका, माहितीसाठा बिघडू शकतो. कोबोच्या वाचनयंत्रावर टॅगवरून संग्रह बनवून घेता येतात. किंडलवर ते आपोआप उतरत नाहीत, तिथे हातानं बनवावे लागतात. आणि त्या फोल्डरची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर दर महिन्याला घेत जा.